कँटरबरीतील पाहुणे गायक

ऑगस्टमध्ये कँटरबरी कथीड्रलच्या गायकवृंदातली मुलं सुट्टीवर जातात. संध्याकाळची उपासना मात्र चालूच राहते. १५४९ सालच्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात थॉमस क्रॅन्मर यांनी मठांमधल्या सायंकाळच्या आणि रात्रीच्या प्रार्थना एकत्र आणल्या. त्यातून घडलेली ही 'ईव्हनसाँग'. मधले काही खंड सोडले, तर इंग्लंडच्या कथीड्रलांनी ती आजवर जपली आहे. उन्हाळ्यात हे काम पाहुण्यांवर सोपवलं जातं. इंग्लंडमधल्या छोट्या चर्चचे गायक येतात, तसे समुद्रापलीकडून अमेरिकेतलेही येतात.

यातले बहुतेक जण हौशी. कुणी शिक्षक, कुणी नर्स, कुणी निवृत्त. तयारी बरीच आधी सुरू होते. अर्जासोबत आपल्या गाण्याचं ध्वनिमुद्रण पाठवायचं, होकार आला की कोणत्या दिवशी काय गाणार याची यादी मान्य करून घ्यायची. प्रवासाचा खर्च स्वतःचा, म्हणून गावात कार्यक्रम करून वर्गणी गोळा होते.

यादी करताना तारीखही बघावी लागते. जुन्या प्रार्थनापुस्तकाने दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ वाटून दिली आहेत. पंधराव्या संध्याकाळी ७८वं स्तोत्र येतं. त्याची कडवी ७३! ते पूर्ण म्हणायचं ठरलं, तर नवख्या वृंदाचा कस लागतो. शब्दांच्या चालीने, सगळ्यांनी एकाच वेळी थांबत म्हणणं हे भारी स्वररचनांपेक्षाही अवघड आहे.

गायक दोन गटांत समोरासमोर उभे राहतात आणि एकेक कडवं आळीपाळीने म्हणतात. वारीत टाळकऱ्यांच्या दोन रांगा अशाच समोरासमोर असतात. समोरच्यांचं ऐकल्याशिवाय आपलं गाणं जमत नाही.

खरी परीक्षा घेते ती वास्तू. ११७४च्या आगीनंतर गायनकक्षाची पुनर्बांधणी विल्यम ऑफ सेन्स या फ्रेंच गवंड्याने सुरू केली. परांचीवरून पडून तो जायबंदी झाला आणि काम दुसऱ्या विल्यमने पुरं केलं. अशा उंच दगडी कमानींखाली आवाज लगेच विरत नाही. गालिचे घातलेल्या चर्चमध्ये सराव केलेल्यांची सुरुवातीला गडबड उडते, कारण द्रुत जागा एकमेकींत मिसळतात. मग लय आवरायची, व्यंजनं ठाशीव म्हणायची, शेवटचा स्वर सोडून पुढच्या ओळीआधी थांबायचं. हर्बर्ट हॉवेल्स यांनी लंडनच्या सेंट पॉल्ससाठी १९५१ साली रचना केली, तेव्हा तिथला लांब घुमणारा नादच हिशेबात धरला होता.

पाहुण्यांच्या यादीत ऑर्लँडो गिबन्स यांचं नाव असलं, तर कँटरबरीत त्याला निराळा अर्थ येतो. राजा पहिला चार्ल्स नव्या राणीच्या स्वागताला निघाला, तेव्हा राजदरबाराचे गायक-वादक सोबत होते. त्यांच्यातले गिबन्स १६२५ साली इथेच अचानक वारले आणि याच कथीड्रलमध्ये त्यांचं दफन झालं. त्यांचे सूर त्यांच्या समाधीच्या आसपास गाण्याची संधी फार थोड्या हौशी गायकांना मिळते.

ईव्हनसाँग ही मैफल नव्हे. रचना कितीही सुरेख झाली, तरी टाळ्या पडत नाहीत. समोर पाचच भाविक असले, तरी यादीतलं काही कमी केलं जात नाही. परक्या देशातल्या माणसांवर एवढ्या विश्वासाने रोजची उपासना सोपवणं, हा त्या कथीड्रलचा फार मोठा मोकळेपणा आहे.

कथीड्रल पाहायला दिवसा तिकीट लागतं. उपासनेला बसायचं असेल, तर प्रवेश सगळ्यांना विनामूल्य आहे.