परवान्याची मुदत आणि पोराचा पहिला हंगाम



तोडणी-वाहतुकीचे करार सुरू झाले की आमच्या शेतकी खात्याच्या टेबलाशी एक बोलणे दरवर्षी ठरलेले असते. सभासद ट्रॅक्टरची कागदपत्रे पुढे ठेवतात. चालकाचा परवाना मागितला की म्हणतात, "साहेब, परवाना काढायला टाकलाय. पण पोरगं हुशार आहे, सातवीपासून ट्रॅक्टर फिरवतंय." पोरगं हुशार आहे याबद्दल आमचे दुमत नाही. पण शेतात रोटावेटर चालवणे वेगळे आणि भरलेले दोन ट्रेलर घेऊन रात्री रस्त्याने कारखान्यावर येणे वेगळे. परवान्यासाठी कायद्याने थांबायला का लावले आहे, किती थांबावे लागते आणि त्या काळात काय करावे, हे यंदा हंगामापूर्वीच सांगावे म्हणून हा लेख.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून लागू आहे. त्यातील मुदती अशा:

१) हलक्या वाहनाचा परवाना वयाच्या १८ वर्षांनंतर. सोळाव्या वर्षी जो परवाना मिळतो तो फक्त ५० सी.सी. पर्यंतच्या मोटारसायकलचा. त्यावर ट्रॅक्टर चालत नाही.

२) आधी शिकाऊ परवाना. तो ६ महिने चालतो. तो मिळाल्यापासून ३० दिवस पूर्ण झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. या काळात वाहनाला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' अक्षर लावायचे आणि पक्का परवानाधारक माणूस वाहन थांबवता येईल अशा जागी सोबत हवा.

३) चाचणीत नापास झाल्यास ७ दिवसांनी पुन्हा संधी. तीनदा नापास झाल्यास शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबायचे आणि प्रशिक्षणही घ्यायचे.

४) ज्याला ट्रक चालवायचा आहे, त्याच्याकडे हलक्या वाहनाचा परवाना किमान १ वर्ष असला पाहिजे. त्यानंतरच ट्रकचा शिकाऊ परवाना मिळतो. वयही २० पूर्ण हवे.

ट्रॅक्टरबाबत पुष्कळांचा गोंधळ होतो. नुसत्या ट्रॅक्टरचे वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर कायद्याच्या व्याख्येत तो हलके वाहन आहे. मागे ट्रेलर जोडला म्हणून ट्रॅक्टरचा परवाना निरुपयोगी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली म्हटले आहे. म्हणजे ट्रॅक्टरला ट्रकसारखी वर्षाची वाट पाहावी लागत नाही. सोय म्हणून हे चांगले. पण खरी अडचण इथेच आहे. जो मुलगा ट्रक चालवू शकत नाही, तोच मुलगा ३० दिवसांच्या शिकाऊ परवान्यानंतर ट्रकइतका ऊस मागे ओढत रस्त्यावर येऊ शकतो.

काही हंगामांपूर्वीची गोष्ट. नाव-गाव सांगत नाही. मुलगा एकोणीस वर्षांचा, परवाना पक्का, मिळून पंधरा दिवस झालेले. मध्यरात्री फडातून खेप घेऊन निघाला. सोबतीला मडगार्डवर दोन मित्र. उतारावर मागच्या ट्रेलरचा रेटा आला, गडबडीत ब्रेक जोरात दाबला आणि ट्रेलर आडवा झाला. मुलगा वाचला. मित्राचा पाय कायमचा गेला. पहाटे आम्ही तिथे पोचलो तेव्हा मुलाचे वडील सांडलेल्या उसात बसून एकच म्हणत होते, "लायसन होतं हो साहेब त्याच्याकडं." कागद खरा होता. कमी पडला तो सराव.

हाच विचार करून न्यूझीलंडने १९८७ साली पायरीपायरीने परवाना देण्याची पद्धत सुरू केली. शिकाऊ आणि पक्का यांच्यामध्ये त्यांनी एक तिसरी, मर्यादित परवान्याची पायरी घातली. या पायरीवर मुलगा एकटा गाडी चालवू शकतो. पण रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने चालवायची नाही आणि अनुभवी माणूस जवळ नसताना इतरांना गाडीत बसवायचे नाही. पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिकेच्या राज्यांनी आपापल्या परीने हीच वाट धरली. कारण साधे आहे. नवख्याचे हात लवकर तयार होतात, पण पुढचा धोका ओळखणारी नजर रस्त्यावरच्या सरावानेच येते. त्यात अंधार आणि मित्रांची संगत असली की चूक लवकर होते.

हे उसाच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. आडसाली ऊस दहाव्या महिन्यात तोडला तर काट्यावर वजन दिसेल, पण उतारा पडणार नाही. उंची आली म्हणजे पक्वता आली असे नव्हे.

आपल्या कायद्यात ही मधली पायरी नाही. म्हणून ती घरानेच घालावी असे आमचे सांगणे आहे. परवाना मिळाल्यावर पहिल्या हंगामासाठी एवढे नियम पाळा:

१) नव्या चालकाने खेप दिवसाउजेडीच आणायची. रात्रीची खेप जुन्या चालकाकडे.

२) पहिले दोन महिने एकच ट्रेलर जोडायचा.

३) मडगार्डवर, ड्रॉबारवर किंवा उसावर कोणी बसायचे नाही. मित्र तर नाहीच नाही.

४) घाट, पूल आणि बाजाराचा रस्ता आधी रिकाम्या ट्रेलरने चारदा करून घ्यायचा.

आता अठरा वर्षांच्या आतल्या मुलांबद्दल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे होईपर्यंत परवाना नाही. दोन महिन्यांची घाई केली तर सात वर्षे घरी बसावे लागेल. विम्याचेही तसेच. परवाना नसलेल्याच्या हाती मालकाने जाणूनबुजून वाहन दिले असेल, तर जखमीला भरपाई देऊन कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालात आहे. ट्रॅक्टरचे कर्ज फिटले नसताना हा बोजा अंगावर आला तर जमिनीवर पाणी सोडावे लागते.

म्हणून हिशेब उलटा मांडा. दसऱ्याला पक्का परवाना हातात हवा असेल तर श्रावणातच शिकाऊ परवान्याचा अर्ज झाला पाहिजे. तीस दिवस, चाचणीची तारीख आणि एखादेवेळी नापास झाल्यास पुढचा आठवडा, एवढे सगळे त्यात बसते. अर्ज करताना ट्रॅक्टर चालवायचा आहे हे आर.टी.ओ. कार्यालयात स्पष्ट सांगावे आणि परवाना हातात पडल्यावर त्यावर कोणत्या वाहनाची नोंद आहे ते वाचून घ्यावे.

सभासदांपैकी काहीजण म्हणतील, "खेपा कमी झाल्या तर हप्ता कसा भरायचा?" प्रश्न रास्त आहे. आम्हीही शेतकऱ्याच्याच घरातले आहोत. पण उशिरा आलेली खेप गव्हाणीत पडतेच. परवाना नसलेल्या चालकाचे नाव करारात घालण्याचा आग्रह मात्र कृपया कोणी धरू नये. आम्हाला नाही म्हणावे लागते आणि दोघांनाही वाईट वाटते. काही शंका असल्यास आपल्या गट कार्यालयात शेतकी मदतनीसांना भेटावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी