तीर्थस्थानांचा स्थाननिर्णय

तीर्थस्थानांचा स्थाननिर्णय : पुराणे, माहात्म्यग्रंथ व स्तोत्रे यांत उल्लेखिलेले तीर्थ किंवा देवस्थान आजच्या भूगोलात नेमके कोणते, हे ठरविण्याचा प्रश्न. एकाच प्राचीन नावावर दोन वा अधिक स्थळे हक्क सांगू लागली म्हणजे या प्रश्नास वादाचे स्वरूप येते. शिवाच्या बारा ज्योतिर्लिंगांपैकी भीमाशंकर, वैजनाथ व नागनाथ या तिहींच्या बाबतीत असा वाद आहे. महाराष्ट्रात पाच ज्योतिर्लिंगे मानली जातात, त्यांपैकी त्र्यंबकेश्वर व घृष्णेश्वर (वेरूळ) ही निर्विवाद असून उरलेली तीन, म्हणजे भीमाशंकर (जि. पुणे), परळी वैजनाथ (जि. बीड) व औंढा नागनाथ (जि. हिंगोली), ही वादविषय झालेली आहेत. महाराष्ट्राच्या धार्मिक भूगोलाच्या दृष्टीने त्यामुळे या प्रश्नास विशेष महत्त्व आहे.

वाद केव्हा उद्भवतो : एका देवतेची अनेक स्थाने असणे हे वादाचे पुरेसे कारण नव्हे. पुणे जिल्ह्याच्या मावळ भागातील व त्याच्या आसपासची तीन देवस्थाने एकत्र पाहिली असता हे स्पष्ट होते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील खोऱ्यांच्या या प्रदेशाचे आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ असे भाग पडतात. कार्ले येथील शिलालेखांत ‘मामाल’ हे या प्रदेशाचे प्राचीन नाव येते. लोणावळ्याच्या पूर्वेस वेहेरगावच्या डोंगरात कार्ल्याचे चैत्यगृह असून त्याच्या दाराशीच एकवीरा देवीचे देऊळ आहे. कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू इ. समाजांतील अनेक घराण्यांची ही कुलदेवता असून चैत्रात व नवरात्रात तेथे कोकणातून मोठी यात्रा येते. तिला रेणुकेचे रूप मानतात. रेणुकेचे प्रमुख पीठ माहूर (जि. नांदेड) येथे असून एकवीरा याच नावाची देवालये धुळे व अमरावती येथेही आहेत. दा. ध. कोसंबी यांनी मिथ अँड रिॲलिटी (१९६२) या ग्रंथात या परिसरातील मातृदेवतांच्या ठाण्यांचा संबंध प्राचीन वाटा व वस्त्या यांच्याशी जोडून दाखविला आहे. तथापि खरी एकवीरा कोणती, असा प्रश्न भाविकांत सहसा निघत नाही. कुलदेवतेच्या ठाण्यांची संख्या कोणत्याही ग्रंथाने बांधून दिलेली नसते. ज्या घराण्याचे जे ठाणे, ते त्याच्यापुरते प्रमाण असते.

याउलट अष्टविनायकांची संख्या निश्चित आहे. लोणावळ्याचा घाट उतरून गेल्यावर खोपोलीजवळ महड (जि. रायगड) येथे त्यांपैकी वरदविनायक आहे. आठांपैकी पाच स्थाने पुणे जिल्ह्यात, दोन रायगड जिल्ह्यात व एक अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात आहे. येथे संख्या ठरलेली असली, तरी यादी एका मर्यादित प्रदेशातील, चालत्या यात्रेतील गावांची असल्यामुळे स्थानाबद्दल संशयास जागा राहत नाही.

ज्योतिर्लिंगांच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी एकत्र येतात. संख्या बारा अशी बंद आहे. शिवाय स्थाने हिमालयापासून सेतुबंधापर्यंत पसरलेली असून त्यांपैकी काहींची नावे आजच्या नकाशावर सरळ सापडत नाहीत. तेरावे स्थान मान्य करता येत नाही आणि जुने नाव तर अनेक स्थळांना लावता येते. वादाचे मूळ या दुहेरी अडचणीत आहे.

भीमाशंकर : लोणावळ्याच्या उत्तरेस, सह्याद्रीच्या त्याच मुख्य रांगेत, खेड व आंबेगाव तालुक्यांच्या सीमाभागात हे स्थान आहे. पुण्यापासून ते सु. ११० किमी. अंतरावर असून समुद्रसपाटीपासून त्याची उंची सु. १,००० मी. आहे. लोणावळ्याहून राजमाची, ढाक, कुसूर घाट या बाजूने डोंगरवाटेने तेथे जाता येते. कोकणातून कर्जत तालुक्यातील खांडस येथून गणपती घाट व शिडी घाट या वाटा वर येतात. भीमा नदीचा उगम येथे मानतात. लोणावळ्याच्या परिसरात उगम पावणारी इंद्रायणी देहू व आळंदीवरून वाहत जाऊन तुळापूर येथे भीमेस मिळते आणि पुढे हीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. वारकरी संप्रदायाच्या प्रमुख क्षेत्रांशी भीमाशंकर असे नदीने जोडलेले आहे.

सध्याचे मंदिर मराठेशाहीतील असून नाना फडणीस यांनी त्याचा जीर्णोद्धार करून शिखर बांधले, असे सांगतात. मंदिरापुढील मोठी पोर्तुगीज घंटा चिमाजी आप्पाने वसईच्या मोहिमेनंतर (१७३९) अर्पण केली, असे मानले जाते. जवळच कमळजा देवीचे देऊळ आहे. भोवतालचे दाट अरण्य सु. १३० चौ. किमी. क्षेत्राचे अभयारण्य असून शेकरू या महाराष्ट्राच्या राज्यप्राण्यासाठी ते प्रसिद्ध आहे. स्थानिक कथेनुसार त्रिपुरासुराच्या वधानंतर शंकर येथे विसावला आणि त्याच्या घामाच्या धारांतून भीमा उगम पावली.

ग्रंथांतील आधार : शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत भीमशंकराची कथा विस्ताराने येते. तीत त्रिपुराचा नव्हे, तर भीम नावाच्या असुराचा संबंध आहे. कुंभकर्णापासून कर्कटी राक्षसीस झालेला हा पुत्र सह्य पर्वतावर आईजवळ वाढला. पित्याचा वध रामाने केल्याचे कळताच त्याने तप करून ब्रह्मदेवाकडून सामर्थ्य मिळविले, देवांस जिंकले व कामरूप देशाचा राजा सुदक्षिण यास बंदिवासात टाकले. राजाने बंदिवासातही पार्थिव लिंगाची पूजा चालू ठेवली. भीमाने लिंगावर शस्त्र उगारताच शिव प्रकट झाला व त्याने असुरास भस्म केले; भक्तांच्या विनंतीवरून तो तेथेच राहिला.

या कथेत वादाची दोन्ही टोके आहेत. असुराचा जन्म सह्याद्रीवर झाला, तर शिवाचे प्रकटन कामरूपाच्या राजासाठी झाले. कामरूप म्हणजे प्राचीन आसाम; चौथ्या शतकातील समुद्रगुप्ताच्या अलाहाबाद (प्रयाग) प्रशस्तीत सीमेवरील राज्य म्हणून त्याचा निर्देश आहे. बारा ज्योतिर्लिंगांच्या नामावलीत तर सह्य व कामरूप ही दोन्ही नावे नसून भीमशंकराचे स्थान ‘डाकिनी’ असे दिले आहे. याच संहितेत ज्योतिर्लिंगांची उपलिंगेही सांगितली असून भीमशंकराचे उपलिंग भीमेश्वर हे सह्य पर्वतावर असल्याचे म्हटले आहे. या उल्लेखाचा अर्थ दोन्ही प्रकारे लावता येतो. भीमशंकराचा परिवार सह्याद्रीवरच आहे, असे एक पक्ष म्हणू शकतो. सह्याद्रीवर आहे ते उपलिंग, मुख्य लिंग अन्यत्र, असे दुसरा.

आसाममधील स्थान गुवाहाटीजवळच्या डोंगरात असून तेथील टेकडीला डाकिनी म्हणतात. ओढ्याच्या पात्रातील लिंगाची तेथे पूजा होते. उत्तराखंडमधील काशीपूर (जि. उधमसिंहनगर) येथील मोटेश्वर महादेव हेच भीमशंकर होय, अशीही परंपरा आहे, तेथील लोक डाकिनी या शब्दाचा संबंध महाभारतातील हिडिंबेशी जोडतात. सह्याद्रीतील भीमाशंकराच्या स्थानिक परंपरेतही डाकिनी-शाकिनी यांचा निर्देश येतो. म्हणजे प्रत्येक स्थळाने ग्रंथातील त्या एका शब्दाला आपापल्या भूमीत अर्थ दिलेला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये महाशिवरात्रीच्या निमित्ताने आसाम शासनाच्या पर्यटनविषयक जाहिरातीत डाकिनी टेकडीवरील स्थान सहावे ज्योतिर्लिंग म्हणून दाखविण्यात आले, तेव्हा महाराष्ट्रात त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. पंडितांच्या चर्चेपुरता असलेला विषय त्यामुळे दोन राज्यांमधील सार्वजनिक वादाचा झाला.

वैजनाथ : येथे वाद मुख्यतः पाठभेदाचा आहे. महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या नामावलीत वैद्यनाथाचे स्थान परळी असे आहे. दुसऱ्या पाठात त्याऐवजी ‘चिताभूमी’ हा शब्द येतो. झारखंडमधील देवघर येथील वैद्यनाथधामाचे अनुयायी दुसरा पाठ प्रमाण मानतात. देवघर हे शक्तिपीठही मानले जाते. सतीचे हृदय तेथे पडले अशी श्रद्धा असून चिताभूमी हे नाव त्या कथेशी जोडले जाते. आद्य शंकराचार्यांच्या नावावरील द्वादश ज्योतिर्लिंगांच्या विस्तृत स्तोत्रात वैद्यनाथाची दिशा ईशान्य सांगितली आहे. तीही देवघरास अनुकूल आहे. श्रावणात सुलतानगंज येथून गंगाजलाच्या कावडी घेऊन शंभरावर किमी. चालत येणाऱ्या यात्रेकरूंमुळे देवघरची यात्रा देशातील मोठ्या यात्रांत गणली जाते. परळीच्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकर यांनी अठराव्या शतकात केला. हिमाचल प्रदेशात कांगडा जिल्ह्यातील बैजनाथ येथेही असाच दावा आहे. तेथील मंदिर आहुक व मन्युक या दोघा व्यापारी बंधूंनी १२०४ मध्ये बांधविल्याचा शिलालेख आहे.

नागनाथ : नागेशाचे स्थान नामावलीत ‘दारुकावन’ असे येते. शिवपुराणातील कथेत हे वन पश्चिम समुद्राशी निगडित असल्याने गुजरातमध्ये द्वारका व बेट द्वारका यांच्या दरम्यान असलेल्या नागेश्वरास तो आधार उपयोगी पडतो. शंकराचार्यांच्या नावावरील स्तोत्र मात्र नागनाथाचे स्थान दक्षिणेत सांगते व ते औंढ्यास अनुकूल ठरते. वैद्यनाथाच्या प्रकरणी महाराष्ट्राच्या विरुद्ध जाणारा ग्रंथ नागनाथाच्या प्रकरणी त्याच्या बाजूने उभा राहतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. उत्तराखंडमधील अलमोडा जिल्ह्यातील जागेश्वर हे तिसरे स्थान होय. दारुक शब्दाचा संबंध देवदार वृक्षाशी जोडून तेथील देवदारांच्या वनातील शंभराहून अधिक देवळांच्या समूहात हे ज्योतिर्लिंग असल्याचे सांगतात. औंढ्याच्या मंदिराचा शिल्पमंडित खालचा भाग यादवकालीन शैलीचा, तर वरील बांधकाम उत्तरकालीन आहे. संत नामदेवांना विसोबा खेचरांचा उपदेश येथेच झाला, ही वारकरी परंपरा या स्थानाच्या महत्त्वाचे आणखी एक कारण होय.

पुराव्यांचे मूल्य : अशा वादात सामान्यतः चार प्रकारचे पुरावे मांडले जातात. (१) ग्रंथवचने : पुराणांत कालौघात भर पडत गेली असून हस्तलिखितांत पाठभेद आहेत. स्थानिक अभिमानाने एखादे ग्रामनाम पाठात शिरणे अशक्य नाही. त्याचप्रमाणे अपरिचित झालेले ग्रामनाम गळून त्या जागी सामान्य शब्द येणेही अशक्य नाही. म्हणून केवळ वचनावरून निर्णय होत नाही. (२) नामसादृश्य : हा सर्वांत दुबळा पुरावा होय, कारण कथा प्रसिद्ध झाल्यावर तिच्यातील नावे टेकड्यांना व ओढ्यांना पडत जातात. नावावरून कथा आली की कथेवरून नाव, हे सांगणे कठीण असते. (३) वास्तू व शिलालेख : यांवरून देवळाचा काळ व आश्रयदाते कळतात, ग्रंथकाराला तेच स्थळ अभिप्रेत होते, हे त्यांवरून सिद्ध होत नाही. (४) अखंड उपासना : यात्रा, दाने, पुजाऱ्यांची वतने, संतांच्या भेटी यांची परंपरा ही ऐतिहासिकदृष्ट्या तपासता येणारी गोष्ट होय. मात्र तिच्यावरून ते स्थान किती काळ व किती लोकांनी पवित्र मानले एवढेच ठरते.

या कसोट्या लावता भीमाशंकराविषयी इतके म्हणता येते, की पुराणकथेतील प्रकटनाचा प्रसंग कामरूपाकडे निर्देश करतो. सह्याद्रीतील स्थानाची बाजू भीमा नदी, त्याच संहितेतील सह्याचे उल्लेख आणि मराठेशाहीपासून सलग दिसणारी उपासना यांवर उभी आहे. यांपैकी एका बाजूचा पुरावा दुसरीचा पुरावा खोटा ठरवीत नाही, कारण दोन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. पहिला ग्रंथकाराच्या मनातील भूगोलाविषयी आहे, तर दुसरा लोकांच्या आचरणातील भूगोलाविषयी.

परिणाम : बारा ज्योतिर्लिंगांची यात्रा पुरी करण्याचा संकल्प सोडलेल्या भाविकाच्या दृष्टीने हा प्रश्न पोथीपुरता नसतो, चुकीच्या स्थानी गेल्यास यात्रा अपुरी राहील, ही शंका त्याला असते. यात्रेवर पुजारी, दुकानदार, वाहनचालक आणि परिसरातील आदिवासी पाडे यांचा चरितार्थ अवलंबून असतो. शासकीय निधी, रस्ते व पर्यटन योजना यांसाठीही ज्योतिर्लिंग ही ओळख उपयोगी पडते. देवस्थानांची नोंदणी, मालमत्ता व कारभार यांविषयी कायदे आहेत. पुराणातील स्थान कोणते, हे ठरविणारी सर्वमान्य संस्था मात्र नाही.

परंपरेने या अडचणीतून आपल्यापुरती वाट काढलेली आहे. देव भक्तासाठी स्थान बदलतो किंवा दुसऱ्या ठिकाणीही प्रकट होतो, ही कल्पना महाराष्ट्रात खोलवर रुजलेली असून मूळ पीठाला न दुखविता गावोगावी ठाणी व उपपीठे मानण्याची रीत तिच्यातूनच आली. शिवपुराणातील उपलिंगांची कल्पनाही याच जातीची आहे. अनेक यात्रेकरू परळी व देवघर, औंढा व द्वारकेजवळचे नागेश्वर अशी दोन्ही स्थाने करून आपला संकल्प पुरा करतात. भीमाशंकरास महाशिवरात्रीला व श्रावणातील सोमवारी मोठी गर्दी होते.