दोन बोटांची फणी

जून 2025 मध्ये मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून सरडे, शिंजीर आणि पॉसम बाहेर निघाले. चर्चा तस्करीची झाली, ती व्हायलाच हवी होती. माझं मन मात्र त्या पॉसमच्या, म्हणजे कांगारूसारख्याच एका पिशवीवाल्या प्राण्याच्या, मागच्या पायांपाशी अडकलं.

त्या पायाचं दुसरं आणि तिसरं बोट एकाच कातडीत गुंडाळलेलं असतं. हाडं दोन, नखं दोन, कातडी एक. कांगारू, कोआला, वॉम्बॅट यांचंही तसंच. कांगारूचा सगळा भार जाडजूड चौथ्या बोटावर. ही जोडी शेजारी काडीसारखी बारीक. पण दोन नखांच्या फटीतून केस ओढले की गोचीड, मळ, गुंता सगळं निघतं. आजीच्या हातातली उवांची फणीच ती!

घोडं अडतं ते बँडिकूटपाशी. हे नाव मुळात आपल्याकडच्या घुशीचं, तेलुगू 'पंदिकोक्कु'वरून आलेलं. पुढे ते ऑस्ट्रेलियातल्या या पिशवीवाल्या प्राण्याला मिळालं. त्याचे दात पाहिले तर तो मांसाहारी पिशवीवाल्यांचा भाऊबंद वाटतो, बोटं पाहिली तर कांगारूचा. जनुकांवरून मांडलेल्या बहुतेक वंशावळींत तो कांगारूचा सख्खा ठरत नाही. म्हणजे निसर्गानं ही फणी बहुधा दोनदा घडवली.

पण म्हणून प्रत्येक जुळलेल्या बोटाला उपयोग चिकटवायची घाई नको. खंड्याची पुढची बोटं जुळलेली असतात. तो मातीत बीळ खोदतो, म्हणून ती फावड्यासारखी, असं म्हणावं, तर तशीच बोटं असलेला धनेश झाडाच्या ढोलीत घरटं करतो.

आपलीही बोटं जन्मापूर्वी जुळलेलीच असतात. गर्भात हातपाय आधी वल्ह्यासारखे सपाट असतात. मग मधल्या पेशी मरतात आणि बोटं सुटी होतात. बदकाच्या पायात त्या मरत नाहीत, म्हणून पडदा राहतो. माणसात दोन-तीन हजार बाळांमागे साधारण एकाची बोटं जुळलेली राहतात. पायात बहुतेकदा तीच जोडी, दुसरी आणि तिसरी. नुसती कातडी जुळली असेल तर चालण्या-पळण्यात काही अडत नाही.

तरीही "ग्रहणात भाजी चिरली होतीस का?" हा प्रश्न आजही अशा बाळाच्या आईला विचारला जातो, जणू तिच्याच चुकीनं बोटं जुळली. तो आता बंद झाला पाहिजे. जी जोडी कांगारूच्या अंगावरची गोचीड काढते, ती बाळाच्या पायावर दिसली म्हणून आईनं मान खाली का घालायची?