जुन्या जीपचा मागचा आख बदलताना

वाचकहो, तुमच्या गोठ्याशेजारच्या पडवीत एखादी जुनी जीप उभी असेल, तर तिच्या मागून येणारा घुंऽऽ असा आवाज तुमच्या ओळखीचा असेल. रेस दाबली की तो वाढतो, सोडली की त्याचा सूर बदलतो. बहुतेक वेळा हा आवाज मागच्या आखातल्या क्राऊन-पिनियनचा असतो. मिस्त्री येतो, कान लावतो आणि म्हणतो, "काका, यात पैसे घालू नका. भंगारातून अख्खा रिअर आणू, संध्याकाळपर्यंत बसवून देतो." ऐकायला बरे वाटते, पण हो म्हणण्यापूर्वी थोडे थांबा.

बैलगाडीचा आख नुसते ओझे पेलतो. जीपचा आख ओझे पेलतो आणि चाकेही फिरवतो. शिवाय वळणावर बाहेरचे चाक जास्त आणि आतले कमी फिरावे ही सोयही त्याच्या पोटात असते. म्हणून आख नुसता पाट्यांवर बसला म्हणजे जमला, असे होत नाही.

आपल्याकडच्या जुन्या जीप बहुतेक सीजे-३बी या घराण्यातल्या. अमेरिकेत ही गाडी १९५३ ते १९६८ या काळात निघाली आणि आपल्याकडे महिंद्राने तिचा वंश पुढे कितीतरी वर्षे चालवला. सीजे म्हणजे नागरी जीप. महायुद्ध संपल्यावर ती शेतकऱ्याच्या कामाला यावी म्हणून तिच्या आखात जास्त ओढ ठेवली होती. क्राऊनला ४३ दात, पिनियनला ८. म्हणजे शाफ्टचे साधारण ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. युद्धातल्या लष्करी विलीज जीपला ३९ आणि ८ दात होते, म्हणजे ४.८८. नंतरच्या काही जीपना ४७ आणि ११ दात, म्हणजे ४.२७. बाहेरून पाहिले तर हे आख सख्खे भाऊ वाटतात, आणि फसगत होते ती इथेच.

आमच्या घरच्या जीपला एका मिस्त्रीने असाच 'सारखाच' दिसणारा रिअर बसवला. उन्हाळाभर गाडी छान पळाली. पावसाळ्यात चिखलात पुढचा गिअर टाकला, तेव्हाही ती निघाली, कारण चिखलात चाके घसरतात आणि फरक पचून जातो. पण चार चाकांची ओढ न काढताच आम्ही डांबरी रस्त्याला लागलो. पुढचा आख ५.३८, मागचा ४.८८. म्हणजे पुढची चाके दहा फेरे फिरणार तेवढ्यात मागची अकरा फिरू पाहणार. रस्ता घसरू देईना, शाफ्टला पीळ बसत गेला, गिअरचा दांडा अडकला आणि शेवटी ट्रान्सफर केसमधून कडकड आवाज आला. रिअरवर वाचवले त्याच्या कितीतरी पट पैसे तिथे गेले.

तुम्ही दात न मोजताही हे ताडू शकता. गाडी सपाट जागी उभी करा, दोन्ही गिअर न्यूट्रल करा. मागचे एकच चाक उचला, दुसरे जमिनीवर राहू द्या. शाफ्टवर आणि चाकावर खडूने खूण करा. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. सव्वापाचाहून थोडे जास्त भरले तर ५.३८, पाचाला थोडे कमी पडले तर ४.८८, सव्वाचार भरले तर ४.२७. विकत घ्यायचा आख जमिनीवर असेल, तर एक चाक पक्के धरून हेच करा.

मात्र चाक उचलण्याआधी उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगडाची उटी लावा. बहुतेक जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. एक मागचे चाक हवेत गेले किंवा शाफ्ट सोडला, की हातब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. पोरांना त्या वेळी अंगणाबाहेर ठेवा. गाडी जॅकवर असताना कोणीही खाली शिरायचे नाही. चासिसखाली भक्कम घोड्या द्या.

आणखी एक. या जीपचा मागचा गोळा मधोमध नसतो, उजवीकडे असतो, कारण ट्रान्सफर केसचा शाफ्टच उजवीकडून निघतो. मोटारीचा मधोमध गोळ्याचा आख बसवला, तर शाफ्ट तिरका होतो आणि क्रॉस लवकर जातात.

चाकाचा हब आखाच्या निमुळत्या टोकावर चावीने बसलेला असतो. तो पुलर लावूनच काढा. काही जण टोकावर घण घालतात, तो घाव थेट बेअरिंगला पोचतो. आत कागदासारख्या पातळ शिम निघतील. घरातल्या ताईंकडे त्या बाजूवार, वेगळ्या डब्यांत द्या. घाईत मिस्त्रीच्या हातून त्या हरवतात आणि मग आखाचा खेळ जमत नाही. मागचे ब्रेकचे पाइप सुटतात, म्हणून जोडणी झाल्यावर ब्रेकमधली हवा काढल्याशिवाय गाडी हलवू नका.

कागदांचेही पाहा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल चालत नाही. त्याच जातीचा आख घातला तर अडचण येऊ नये, तरी बिल जपून ठेवा. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणात तपासणी असते. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती गाडी मूळ रूपात हवी आणि रोजच्या वापराला चालत नाही. म्हणजे खताची पोती आणायची जीप त्यात बसत नाही.

बसवून झाले की बाजूच्या भोकाच्या कडेपर्यंत ९० नंबरचे ईपी ऑइल भरा. वरची छोटी ब्रीदर तारेने साफ करा. ती तुंबली तर ऑइल सील ओलांडून ब्रेकच्या पट्ट्यांवर येते. शंभर किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या.