कौले, चुना आणि दुसरा-चौथा शनिवार

(द्वितीय वर्ष, कला)

पूर्वी आमच्या गावात मे महिना उजाडला की घरोघर शिड्या लागत. कौले उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा तपासायच्या आणि कौले पुन्हा चढवायची, याला घर शाकारणे म्हणतात. आता हा शब्द म्हाताऱ्या माणसांच्याच तोंडी राहिला आहे. बरीच घरे स्लॅबची झाली, उरलेल्यांतल्या अनेकांवर पत्रे आले. आमचे घर मात्र अजून कौलारू आहे, आणि ते माझ्या काका-काकींनी शनिवार-रविवारी येऊन स्वतःच्या हातांनी दुरुस्त केले. ते कसे केले हे या लेखात सांगायचे आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. बांधकामशास्त्र मला कोणी शिकवलेले नाही. जे सांगते आहे ते घमेली उचलता उचलता पाहिलेले आणि विचारून घेतलेले आहे.

घर महाड तालुक्यातले. चौथरा जांभ्याचा, भिंती मातीच्या, वासे किंजळीचे आणि वर मंगळुरी कौले. आई-वडील, आजी, धाकटा भाऊ आणि मी तिथे राहतो. काका मुंबईतल्या एका बँकेत शिपाई आहेत, काकी शिवणकाम करते; दोघे दिव्याला एका खोलीत राहतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागले, त्याचा तडाखा आमच्या तालुक्यालाही बसला. घराच्या एका पाख्याची कौले पाचोळ्यासारखी उडाली. करोनाचे दिवस होते, माणूस मिळत नव्हते. ताडपत्री टाकून, हाताला लागतील ती कौले बसवून वेळ मारून नेली. पुढचे चार पावसाळे आमच्या माजघरात भांड्यांची रांग असे. कोणत्या भांड्यात कसा आवाज होतो हे माझ्या भावाला पाठ झाले होते.

2024 साली मी बारावी पास झाले आणि त्याच सुमारास वडिलांनी स्लॅबचा विषय काढला. गवंड्याने 7 लाखांचा अंदाज सांगितला. कर्ज काढायचे तर हप्ता भरायला घरात आणखी एक कमावते माणूस हवे, आणि ते माणूस म्हणजे मी, हे कोणी बोलून दाखवले नाही तरी सगळ्यांना कळत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. ती पायरी चढण्याआधीच उतरावी लागणार, असे मी मनाशी धरून चालले होते. गणपतीला काका-काकी आली तेव्हा काकी वडिलांना म्हणाली, "दादा, एक वर्ष थांबा. घराचं दुखणं काय आहे ते तरी आधी बघू."

बँकांना 1 सप्टेंबर 2015 पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. या दोन शनिवारांवर सारा बेत आखला गेला. सकाळी दिव्याहून कोकण रेल्वेची पॅसेंजर, वीर स्टेशनला उतरायचे, तिथून मिनीडोरने गाव. शनिवारचा उरलेला दिवस आणि रविवारची सकाळ काम. रविवारी रात्रीची एस.टी. गाठून सोमवारी काका पुन्हा बँकेत हजर. नोव्हेंबर 2024 ते मे 2025 अशा त्यांच्या 13 फेऱ्या झाल्या.

पाऊस संपल्यावर गळती शोधायची कशी, हा पहिला प्रश्न. जिथे थेंब पडतो तिथेच वर भोक असते असे आपण समजतो. तसे नसते. आत शिरलेले पाणी रिपेवरून वाशावर येते, वाशाच्या उताराने चार-पाच हात खाली सरकते आणि जिथे एखादी गाठ किंवा खिळा आडवा येतो तिथे टपकते. म्हणून काकांनी भर दुपारी सगळ्या खिडक्या-दारे लावून घेतली. अंधारात वर पाहिले की जिथे फट आहे तिथे उजेडाची टाचणी दिसते. त्या सगळ्या जागा खडूने वाशांवर खुणावल्या. ज्या खुणांना उजेड नव्हता पण लाकडावर काळे ओघळ होते, त्यांच्यासाठी दुसरी तऱ्हा: एकाने वर तांब्याने पाणी ओतायचे, दुसऱ्याने आतून पाहायचे. ओतायची सुरुवात वळचणीपासून करून हळूहळू वर जायचे. वरून सुरुवात केली तर पाणी साऱ्या पाख्यावरून वाहते आणि काहीच कळत नाही.

यातून निघाले ते असे. फुटकी कौले थोडी होती. खरा रोग दोन ठिकाणी होता. मधले काही वासे कुजून खचले होते, त्यामुळे तिथे पाख्याचा उतार कमी झाला होता. पाणी वेगाने खाली न जाता कौलांच्या सांध्यातून मागे सरकत होते. दुसरे, वादळानंतर घाईत बसवलेली कौले निरनिराळ्या कारखान्यांची होती. मंगळूरला बासेल मिशनने 1865 साली असा पहिला कारखाना काढला, त्यावरूनच या कौलांना मंगळुरी हे नाव पडले. पुढे ठिकठिकाणी कारखाने निघाले, पण प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. या कौलांची खरी करामत त्यांच्या कडांच्या खाचांत असते. एकाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते. साचा वेगळा असला की वरून सगळे सारखे दिसते, पण खाच बसत नाही आणि मधून वारा व पाणी आत येते.

मग काकीने अंगणात कौलांची छाननी केली. कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव उठवलेले असते. नावानुसार थर लावले. शाबूत कौल कोणते हे ठरवायचे काम आजीकडे होते. आजीला अक्षर येत नाही. ती बोटाच्या पेराने कौल ठोके आणि कान देऊन ऐके. 'टण्' वाजले तर चांगले, 'बद्द' वाजले तर आत तडा आहे. तिने बाद केलेली काही कौले मला धडधाकट वाटत होती; ती भावाने आपटून पाहिली, तर नेमकी जुन्या तड्यावर दुभंगली.

सबंध छप्पर एकदम उघडायचे नाही, हा काकांचा नियम. रविवारी दुपारपर्यंत जेवढे पुन्हा झाकता येईल तेवढेच शनिवारी उघडायचे. मंगळुरी कौल दोन किलोच्या वर भरते, एका चौरस मीटरला साधारण 15 लागतात, आणि भिजले की त्याचे वजन आणखी वाढते. हा भार कुजक्या वाशांवर ठेवून नुसती वरची कौले बदलण्यात अर्थ नसतो. वासे बदलायला आणि त्यांचे सांधे करायला मात्र महाडहून सुतार बोलावला. विजेच्या वायरीही त्यातल्या जाणकाराकडूनच बदलून घेतल्या. स्वतः करायचे म्हणजे सगळेच स्वतः करायचे असा काकांचा हट्ट नव्हता, आणि मला वाटते तेच शहाणपणाचे होते.

कौलावर चढायचे कोणी, यावर घरात रामायण झाले. काकांचे वजन 85 किलो, काकीचे 48. कौलावर पाय ठेवायचा तो खाली रीप आणि वासा असेल तिथेच, तरीही जड माणसाखाली कौल फुटते. हिशोब सरळ होता. काकी पदर खोचून शिडी चढली. आजी खालून ओरडत राहिली, "बायमानसानं घरावर चढाया नाय पायजे!" शेजारपाजारचे लोक अंगणात येऊन उभे राहिले. काकी वरूनच म्हणाली, "आत्याबाई, पावसाला कुठं कळतं कौल कुणी बसवलं ते!" दुसऱ्या फेरीला आजी ओरडली नाही. तिसऱ्या फेरीला तिने काकीसाठी चहा शिडीपर्यंत आणून दिला.

वादळात कौले का उडाली, हेही तेव्हा समजले. ही कौले खिळ्यांनी ठोकलेली नसतात. वजनाने आणि खाचांनी टिकतात. जोराचा वारा पाख्यावरून जाताना कौलाला वर ओढतो, आणि पडवीत शिरलेला वारा आतून ढकलतो. त्यातून वळचणीची ओळ आणि आढ्यावरचे कोने आधी सुटतात. कौलाच्या पोटाला एक छोटा उंचवटा आणि त्यात भोक असते. मला ते कारखान्यातले व्यंग वाटत होते. ते तारेसाठी असते. वळचणीच्या ओळी काकीने त्या भोकातून तार घालून रिपांना बांधल्या.

आता भिंतीविषयी. पडवीच्या भिंतीला बारा-तेरा वर्षांपूर्वी एका गवंड्याने सिमेंटचा गिलावा केला होता, मजबूत होईल म्हणून. तोच गिलावा पापुद्र्यासारखा सुटून आतली माती भुसभुशीत झाली होती. मातीची भिंत जमिनीतला ओलावा शोषते आणि उन्हाळ्यात तो हवेत सोडून देते. सिमेंट त्या ओलाव्याची बाहेर पडायची वाट बंद करते. शिवाय माती ओलीने फुगते, सुकल्यावर आकसते. सिमेंट तसे हलत नाही. दोघांचे जमत नाही. म्हणून सिमेंट खरवडून काढले, भिंत महिनाभर उघडी सुकू दिली आणि पुन्हा मातीचाच गिलावा केला: लाल माती, भाताचे तूस, थोडे शेण. हा गारा भिजत घालून वरचेवर तुडवावा लागतो. एका फेरीत काका-काकी तो कालवून जात, मधले दिवस आजी पाणी मारी आणि मी नि भाऊ तुडवत असू, पुढच्या फेरीला तो लोण्यासारखा झालेला असे. तूस मातीला आकसताना धरून ठेवते, त्यामुळे मोठे तडे जात नाहीत. बारीक गेलेच तर दुसऱ्या पातळ हाताने बुजतात.

चुन्याचेही तसेच. कळीचा चुना लोखंडी पिंपातल्या पाण्यात थोडा थोडा टाकला की पाणी उकळू लागते. प्लॅस्टिकची बादली वापरली तर ती वितळते. डोळ्यांना चष्मा आणि हाताला मोजे हवेतच, कारण विरणाऱ्या चुन्याचा शिंतोडा डोळा घालवू शकतो. विरवलेला चुना पंधरा दिवस पाण्याखाली ठेवला, फडक्यातून गाळला, त्यात डिंक आणि नीळ मिसळली आणि भिंतीला पातळ असे तीन हात दिले. पहिला हात दिला तेव्हा भिंतीवर काही दिसेचना. आईचा चेहरा पडला. सकाळी भिंत पांढरी झाली होती. यातली गंमत मला पुढे एका विज्ञान शाखेच्या मैत्रिणीकडून कळली. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवून भिंतीला लावला की हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडीचा पापुद्रा बनतो. म्हणजे भिंतीवर आपण दगडच लावतो, फक्त पातळ करून.

लोकांना वाटे, ही दोघे सुट्टीत राबायलाच येतात. काकीची मात्र एक अट होती: रविवारी जेवणानंतर घमेल्याला हात लावायचा नाही, कुठेतरी जायचे. लग्नाला 22 वर्षे झाली, पण दोघे मिळून फिरायला अशी कधी गेलीच नव्हती. मग एका रविवारी महामार्गालगतची गांधारपाले लेणी, एका रविवारी चवदार तळे, जिथे 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला. एकदा रोपवेने रायगड. मीही बरोबर होते, पण दोघांच्या थोडी मागून चालत होते. रायगडावर 1818 च्या इंग्रजांच्या तोफमाऱ्यात लाकडी इमले जळाले आणि दगडी चौथरे राहिले. काकी एका चौथऱ्यावर बसून म्हणाली, "छप्पर सांभाळायला माणूस लागतं, चौथरा आपला आपण राहतो." काका काही बोलले नाहीत. त्यांनी तिच्यासाठी ताकाचे दोन ग्लास आणले आणि दोन्ही तिलाच दिले. दिव्याच्या त्या खोलीत इतक्या निवांतपणे बोलत बसलेली ती मला कधी दिसली नव्हती.

सगळे काम जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत संपवायचे ठरले होते. 2025 साली पावसाने कुणाचे ऐकले नाही. 24 मे रोजी मोसमी पाऊस केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोचला, आणि कोकणात तर त्याआधीपासूनच सरी कोसळत होत्या. कौले 11 मे रोजीच्या फेरीत बसून झाली होती. आढ्यावरचे कोने राहिले होते. 24 मे हा चौथा शनिवार. दोघे भिजतच आली. दोन सरींच्या मधल्या उघडिपीत काकी वर आणि काका शिडीवर, अशा तऱ्हेने रविवारी दुपारपर्यंत शेवटचा कोना बसला. त्या रविवारी कुठे जाणे झाले नाही.

एकूण खर्च 64 हजार रुपये आला, त्यात सर्वाधिक लाकडाचा आणि सुताराचा. दोघांच्या मजुरीचा हिशोब कोणी धरला नाही, आणि तो धरला तर काम इतके स्वस्त पडले नसते हे खरे आहे. ज्याला महिन्याचे दोन शनिवारही मोकळे नाहीत त्याने पत्रे टाकले तर मी त्याला नावे ठेवणार नाही. पावसाळ्यात माजघरात एकच भांडे ठेवावे लागले, तेही पहिल्या आठवड्यापुरते. त्या जागी एक कौल सरकले होते. मागची भिंत अजून सिमेंटचीच आहे. तिचे काम यंदा दिवाळीनंतर निघेल, आणि काकीने त्यासाठी हरिहरेश्वरची अट आताच घालून ठेवली आहे.