गावच्या वारशाची स्थाननोंद

पुष्कळ गावांत वेशीजवळ किंवा मारुतीच्या देवळामागे एखादी कोरीव शिळा उभी असते. तिला शेंदूर फासलेला असतो, आणि ती वीरगळ आहे हे फार थोड्यांस ठाऊक असते. खालच्या चौकटीत लढाई व पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्यास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी ही कथा बहुधा खालून वर वाचावयाची असते. देवळाचा जीर्णोद्धार निघाला किंवा रस्ता रुंद झाला, की शिळा भरावात जाते. पुढे तिची जागाही कोणास सांगता येत नाही.

स्थाननोंदीचे महत्त्व येथे आहे. शिक्षकांच्या मोबाइलवर उपग्रहांच्या साह्याने जागेचे अक्षांश-रेखांश मिळतात. मोकळ्या आकाशाखाली त्यांत काही मीटरांची चूक संभवते. दाट झाडीत ती वाढते. दशांशचिन्हापुढे पाच अंक पुरेत, कारण पाचव्या अंकाचे मोल सुमारे १ मीटर आहे; त्यापुढील अंक लिहिणे ही केवळ हौस होय. ही नोंद २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर विनामूल्य करता येते.

परंतु नकाशावरील ठिपका मुका असतो. त्यास बोलते करण्यासाठी विद्यार्थ्यांनी गावातील वृद्धांस विचारावे व त्यांच्या संमतीने आवाज मुद्रित करावा. बारवेजवळ लहानसा फलक लावून त्यावर क्यूआर कोड छापला, तर वाटसरूस त्या आजींची हकीकत तेथेच उभ्याने ऐकता येईल. फलक स्वतंत्र खांबावर असावा. दगडास खिळा वा रंग लागू नये. स्मारक संरक्षित असल्यास पुरातत्त्व खात्याची अनुमती आधी घ्यावी.

हकीकत व पुरावा यांची गल्लत मात्र होऊ देऊ नये. गावोगावी प्रत्येक बारव अहिल्याबाईंची आणि प्रत्येक वीरगळ मावळ्याचा, असे सांगितले जाते. वास्तविक अनेक वीरगळ शिलाहार-यादवांच्या काळचे, म्हणजे शिवकालाहून कित्येक शतके आधीचे आहेत. म्हणून ‘ग्रामस्थ सांगतात’ आणि ‘शिल्पावरून दिसते’ असे दोन निराळे रकाने ठेवावेत. पहिला रकाना कमी मोलाचा नव्हे. तो आज न भरला, तर पुढे भरणारा कोणी उरणार नाही.

सर्वच स्थाने जाहीर करावयाची नसतात. बारव कोणी उचलून नेत नाही. सुट्या मूर्तीची चोरी होते, आणि गुप्तधनाच्या लोभाने जुन्या जागा उकरल्या जातात. अशा वस्तूंबाबत केवळ गावाचे नाव प्रसिद्ध करावे. छायाचित्रातही पुष्कळदा स्थान दडलेले असते. ते आधी काढून टाकावे. नेमके अंक शाळेच्या नोंदवहीत शाईने लिहून, वही मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी.