खतावर ठपका, गाळात मूळ

बंगालच्या त्रिभुज प्रदेशातल्या आर्सेनिकयुक्त कूपनलिकांचा विषय निघाला की शेतातल्या फॉस्फेट खताकडे बोट दाखवले जाते. हा संशय निराधार नाही. आवर्तसारणीत आर्सेनिक फॉस्फरसच्या थेट खाली बसते. त्यामुळे आर्सेनेट आणि फॉस्फेट घडणीने इतके सारखे, की वाळूच्या कणांवरच्या लोहाच्या तांबूस लेपाला दोघेही एकाच रीतीने चिकटतात. लेपावरच्या जागा मोजक्या असतात. एसटीत आधीच रुमाल टाकून ठेवणाऱ्यांसारखे फॉस्फेट त्या अडवते आणि आर्सेनिकला पाण्यातच ताटकळत राहावे लागते. १९९९ मध्ये एस. के. आचार्य आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये यातूनच एक तर्क मांडला : खतातले फॉस्फेट खाली झिरपून गाळातल्या आर्सेनिकला हुसकावत असावे. प्रयोगशाळेत गाळावर फॉस्फेटचे द्रावण सोडले की आर्सेनिक सुटते, हेही खरे. तरी माझ्या मते या तर्कातली क्रिया बरोबर आहे, कर्ता चुकला आहे.

फॉस्फेट जमिनीत फारसे सरकत नाही, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच हे खत पेरणीच्या वेळी मुळांच्या जवळ द्यायचे असते. वरच्या थरातली माती त्यातले बहुतेक धरून ठेवते. खत दोषी असते, तर शेताला सर्वांत जवळचे पाणी सर्वांत विषारी निघायला हवे होते. प्रत्यक्षात हाताने खणलेल्या उथळ विहिरींत आर्सेनिक बहुधा कमी असते. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था आणि बांगलादेशचे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खाते यांनी सुमारे साडेतीन हजार कूपनलिका तपासून २००१ मध्ये अहवाल दिला. त्यात सर्वाधिक आर्सेनिक साधारण १५ ते ३० मीटर खोलीवर आढळले. तिथली करडी वाळू हा हिमालयातून वाहून आलेला तरुण गाळ आहे आणि त्यासोबत वनस्पतींचे अवशेषही गाडले गेले आहेत. प्राणवायू संपला की जिवाणू हे अवशेष कुजवताना लोहाचा लेप विरघळवतात. लेपच गेल्यावर त्याला चिकटलेले आर्सेनिक आणि फॉस्फेट दोन्ही पाण्यात उतरतात; कुजणाऱ्या अवशेषांतून आणखी फॉस्फेट येते. म्हणून एखाद्या कूपनलिकेत दोन्ही भरपूर सापडली, तर त्यावरून एकाने दुसऱ्याला आणले असे ठरत नाही. दोन्ही एकाच घडामोडीतून सुटलेली असतात. फॉस्फेटचे खरे काम यानंतर सुरू होते. उरल्यासुरल्या लेपावरच्या जागा ते व्यापते आणि सुटलेल्या आर्सेनिकला परत बसू देत नाही.

यावर आक्षेप असा, की खतांचा वापर आणि आर्सेनिकचे संकट एकाच काळात कसे वाढले? त्याच काळात कूपनलिकाही वाढल्या, हे त्याचे उत्तर. तळ्या-नद्यांच्या पाण्यातून होणाऱ्या जुलाबांपासून मुले वाचावीत म्हणून १९७०च्या दशकापासून युनिसेफच्या मदतीने बांगलादेशात हातपंप बसवले गेले. तेव्हा आर्सेनिक तपासण्याचा रिवाजच नव्हता. पश्चिम बंगालमधले रुग्ण कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांना १९८३ मध्ये दिसले, बांगलादेशातल्या पाण्यात आर्सेनिक सापडले ते १९९३ मध्ये. कातडीवर खुणा उमटायला अनेक वर्षे लागत असल्याने संकट उशिरा दिसले आणि मधल्या काळात वाढलेले खत आयतेच संशयित ठरले.

मग फॉस्फेट निर्दोष का? मुळीच नाही. घरगुती गाळण्यांत आर्सेनिक बहुधा लोहाच्या कणांवरच अडकवले जाते आणि तिथेही हीच जागेची चढाओढ चालते. पाण्यात फॉस्फेट जास्त आणि लोह कमी असेल, तर गाळणी लवकर निकामी होते. दिसायला मात्र स्वच्छच पाणी देत राहते. एका गावात उत्तम चाललेली गाळणी शेजारच्या गावात का फसली, याचे कारण पुष्कळदा वापरणाऱ्यांच्या निष्काळजीपणात शोधले जाते. पाण्यातले फॉस्फेट आधी मोजले असते तर हा दोष लोकांच्या माथी आला नसता. १५० मीटरहून खोल असलेल्या थरांचाही प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. तिथले पाणी बहुतांशी सुरक्षित आहे आणि जिथे तांबूस जुनी वाळू आहे तिथे तिच्यावरचा लेप अजून आर्सेनिक धरू शकतो. पण त्या खोलीवरून सिंचनासाठी उपसा वाढला तर वरचे पाणी खाली ओढले जाईल; त्यातल्या आर्सेनिकसोबत फॉस्फेटही येईल आणि लेपाची धारणक्षमता अपेक्षेपेक्षा लवकर संपेल. खोल पाणी पिण्यापुरते राखून भाताला वरचे पाणी द्यावे, असे म्हणणाऱ्यांची बाजू म्हणूनच मला अधिक पटते. वरच्या पाण्यासोबत आर्सेनिक शेतात आणि भातात जाते, ही त्या पर्यायाची किंमत आहे, आणि ती लहान नाही.